बघणार कोण?

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोची मालिका लागायची, त्याच वेळी मी मुद्दाम बातम्या लावायचो. शेवटी रेकॉर्डिंगचा बॉक्स घ्यायला पिंप्राळ्यातल्या दुकानात गेलो. तिथला दुकानदार किंमत सांगायच्या आधी प्रत्येकाला विचारतो, "बघणार कोण?"

"बायको. सोनगीरची आहे, मालिका तेवढ्या बघते."

"मग महागडा कशाला, भाऊ? साधा घ्या, पेनड्राइव्ह लावा, झालं!"

जोडायला तो स्वतः घरी आला. मी रिमोटसाठी हात पुढे केला. "तुम्ही बसा हो," म्हणत त्याने तो बायकोच्या हातात दिला आणि सगळी बटणं तिलाच दाबायला लावली.

"बठ्ठं समजनं ना, वहिनी?"

सगळं समजलं ना, हे माहेरच्या अहिराणीत ऐकून ती मोकळं हसली. आता ती दुपारी निवांत मालिका बघते, मलाही बोलावते. मी जाऊन बसतो. तिची माफी मागायची अजून राहिली आहे.