पेन्सिलीची फुली

वेस्ट व्हर्जिनियातल्या आमच्या डोंगराळ गावात ओलीटा हॅचर वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात कामाला होती. लग्न झाल्यापासून दर वसंतात ती एक काम न चुकता करायची. नवऱ्यानं टेबलावर ठेवलेल्या कराच्या विवरणावर, त्याच्या सहीखालच्या ओळीत, सही. व्हर्जिल त्या ओळीपाशी पेन्सिलीनं बारीक फुली मारून ठेवायचा. तिच्या आईसाठी तिचे वडील मारायचे, आजीसाठी आजोबा. वर काय लिहिलंय ते वाचणं म्हणजे नवऱ्यावर संशय घेणं, असं आमच्याकडच्या बायका मानतात. डोंबलाचा संस्कार!

जानेवारीत तिनं व्हर्जिलचं घर सोडलं आणि बहिणीच्या सोफ्यावर पथारी टाकली. मग करोनाची साथ आली आणि सरकारनं माणशी बाराशे डॉलर मदत जाहीर केली. मेपल स्ट्रीटवरच्या दोन खोल्यांच्या घराची अनामत नेमकी तेवढीच होती. ओलीटानं मनातल्या मनात तिथं पडदेसुद्धा लावून टाकले. पण शेवटचं विवरण दोघांचं मिळून भरलेलं, आणि त्यावर बँकेचं खातं व्हर्जिलचं. दोघांचे पैसे तिथंच जमा झाले. आठवड्याभरात त्याच्या अंगणात मासेमारीची नवी होडी उभी राहिली.

गावातले कराचे कागद इमोजीन स्कॅग्ज करून देते. तिच्या मागच्या खोलीत पूर्वी केस कापायचं दुकान होतं. ओलीटा तिथल्या जुन्या खुर्चीत मास्क लावून बसली.

"निम्मे तुला मिळालेत, पोरी," इमोजीन म्हणाली.

"इमोजीनबाई, मला दमडीसुद्धा मिळाली नाही!"

"कागदावर मिळालेत. होडी कोणी घेतली हे सरकार विचारत नाही. बरं, गेल्या वर्षीचं विवरण भरलंय का त्यानं?"

"तो कसला भरतोय! ट्रकच्या भाड्याचे पैसे हातात येतात न येतात तोच उडवतो."

"मग तू तुझं वेगळं भर. त्याच्याबरोबर सही केलीस तर त्याचा सगळा कर तुझ्याही बोडक्यावर बसेल. घटस्फोट झाला तरी सुटणार नाही, सांगून ठेवते."

ओलीटानं मान डोलावली. वेगळं भरायचं हे तिनं ठरवलंही. पण उन्हाळा गेला, मुदत टळली, आणि सोफ्यावर झोपून तिची कंबर धरली. "अगं, पाहुणी म्हणून आलीस की माहेरपणाला?" असं बहीण हसत हसत विचारायला लागली. त्यातच मेपल स्ट्रीटच्या मालकिणीनं निरोप धाडला, शनिवारपर्यंत पैसे आण, नाहीतर दुसऱ्याला देते.

शुक्रवारी व्हर्जिल वृद्धाश्रमाच्या आवारात ट्रक घेऊन हजर. हातात पाकीट आणि विवरण. मेल्याला निरोपाचा वास लागला असणार.

"जोडीनं भरलं की कर कमी बसतो, ओली."

"आणि भरणार कोण?"

"मीच की! मी काय पळून चाललोय? हे घे तुझे बाराशे. सही कर आणि मोकळी हो."

"माझेच पैसे मला विकतोस, व्हर्जिल?"

"विकतोय कसला? देतोय." मग त्यानं अगत्यानं विचारलं, "मेपल स्ट्रीटचं ना? घराचा नंबर काय गं?"

इतक्या वर्षांत त्यानं पहिल्यांदा तिच्याबद्दल काही विचारलं होतं. तिनं नंबर सांगितला. ट्रकच्या बॉनेटवर कागद पसरलेला होता आणि दुसऱ्या ओळीपाशी पेन्सिलीची फुली होती. इमोजीनबाईचा शब्द न् शब्द तिला आठवत होता. तरी तिनं सही केली. मला अजून तिचा राग येतो, आणि तिच्या जागी मी काय केलं असतं हेही ठाऊक आहे.

पुढच्या वर्षी घटस्फोट झाला. त्यानंतर नव्या घराच्या टपालपेटीत पहिलं पत्र आलं ते कर खात्याचं, व्हर्जिल आणि ओलीटा हॅचर, दोघांच्या नावानं. विवरणावर पत्ता त्यानं तिचा घातला होता. कर, दंड आणि व्याज मिळून नऊ हजारांवर गेलं होतं. तिनं धुलाईखान्यातूनच इमोजीनला फोन लावला.

"घटस्फोटाचा कागद पाठवू का त्यांना?"

"पाठव. ठेवून घेतील."

"मला माहीत नव्हतं, असं लिहू?"

"तसा अर्ज असतो. पण तुला तर मीच सांगितलं होतं, पोरी."

"मग वसूल कोणाकडून करतील?"

"जो सापडेल त्याच्याकडून. व्हर्जिल कुठे असतो हल्ली?"

"टेक्सासकडे हिंडतोय म्हणतात. नक्की कोणालाच माहीत नाही."

"आणि तू?"

मागे चादरींचं यंत्र थांबलं होतं. ओलीटानं फोन खांद्याशी धरला आणि ओल्या चादरी बाहेर काढायला लागली. रोज पहाटे सहापासून, इतकी वर्षं, ती इथंच सापडत होती.