विल्बर्टला नाही म्हणता येत नाही

आमच्या विल्बर्टसारखा माणूस शोधून सापडायचा नाही, आणि सापडला तरी कुणी घरात ठेवून घेणार नाही. मी ठेवला, कारण मी त्याच्याशी लग्न केलं.

जन्मभर त्यानं काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवला. आमच्या मिशिगनच्या या वरच्या टोकाला बर्फ पडायला लागला की थांबायचं नाव घेत नाही, त्यामुळे हिवाळाभर नवरा मला फक्त जेवायला आणि झोपायला दिसायचा. वाटेतल्या म्हाताऱ्यांच्या दारासमोरचा बर्फाचा ढीग तो न सांगता बाजूला करायचा आणि कुणी आभार मानायला बाहेर येण्याआधी पसार व्हायचा. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसात केक कापला. सगळे म्हणाले, "विल्बर्ट, चार शब्द बोल." हा म्हणाला, "केक बरा आहे." चौथा शब्द काही त्याला सुचला नाही.

गेल्या उन्हाळ्यात लाकडं फोडता फोडता तो ओंडक्यावर बसला तो उठेचना. गावातल्या दवाखान्यानं आम्हाला राज्याच्या हद्दीपलीकडे विस्कॉन्सिनला पाठवलं, डॉक्टर ब्रेमरकडे. हृदयातली एक झडप खराब झालीय, ती बदलावी लागेल, जानेवारीत करू, असं डॉक्टरनं नीट समजावून सांगितलं. परतीच्या वाटेवर मी जीव मुठीत धरून बसले होते, आता हा काय बोलतो म्हणून. बऱ्याच वेळानं बोलला, "पेट्रोल इकडं स्वस्त आहे." त्यानंतर त्या विषयावर त्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली. शिकारीच्या दोस्तांना नाही, चर्चमध्ये नाही, सख्ख्या भावालाही पत्ता नाही. मीही कुणाला सांगायचं नाही, असं नजरेनंच ठरलं.

त्यात हे मेडिकेअर. पासष्टी ओलांडली की सरकारचा विमा मिळतो, पण तो सगळं बिल भरत नाही. उरलेल्यासाठी एक तर वेगळी पुरवणी पॉलिसी घ्यायची, नाही तर सगळं एका खासगी कंपनीच्या हवाली करायचं. पुरवणीला दर महिन्याला पैसे मोजावे लागतात, पण डॉक्टर आपल्या पसंतीचा. कंपनीचा प्लॅन जवळपास फुकट, पण डॉक्टर त्यांच्या यादीतला. आमच्याकडे पुरवणी होती आणि ती उत्तम चालली होती. तरी दर वर्षी पानगळ सुरू झाली की प्लॅन बदलायचा मोसम येतो आणि टीव्हीवर, टपालात, फोनवर नुसता उच्छाद मांडतात. दात फुकट, चष्मा फुकट, व्यायामशाळा फुकट! आमच्या गावात व्यायामशाळा आहे कुठे? इथे लोक फावडं मारतात.

मी गेल पेर्तुलाकडे गेले, ऑपरेशनचं न सांगता, नुसतं डॉक्टरचं नाव घेऊन. गेल आमच्याच गावातली, मासेमारीच्या आमिषांच्या दुकानामागे तिची विम्याच्या कामाची खोली आहे. ती कुठल्या एका कंपनीची नाही, सगळ्यांचे प्लॅन पुढ्यात टाकते आणि तुमचं तुम्ही ठरवा म्हणते. बोलते फार, आणि तिच्या अंगाला कायम कुत्र्यांचा वास येतो. पण खोटं बोलत नाही.

"अर्डिस, तुमचा डॉक्टर हद्दीपलीकडचा," ती म्हणाली. "इथल्या फुकट प्लॅनांच्या यादीत तिकडचं कुणी नाही. आहे ते अजिबात हलवू नका."

"हे त्याला येऊन सांग ना."

"त्यानं मला बोलवायला हवं. मी आपणहून त्याच्या प्लॅनबद्दल अवाक्षर काढू शकत नाही. आणि मागे लागले असं दिसलं तर लायसन्स जाईल माझं."

मग चर्चच्या जेवणात मी त्याला ओढत तिच्या टेबलाशी नेलं. गेल म्हणाली, "काय विल्बर्ट, बसायचं का एकदा?"

"नको नको, तुला कशाला त्रास."

गेलनं माझ्याकडे बघितलं, मी गेलकडे. तिनं बटाटे वाढून घेतले. दुसऱ्या दिवशी हा बंदूक खांद्याला लावून दोस्तांबरोबर हरणाच्या शिकारीला गेला, तो नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणालाच उगवला.

डिसेंबर उजाडला. मी ओट्याशी पीठ मळत होते आणि फोन वाजला. एक मुलगी इतकी खूश होती की तिलाच लॉटरी लागलीय असं वाटावं. "अभिनंदन! मिस्टर विल्बर्ट हार्यू यांचा नवा प्लॅन एक जानेवारीपासून सुरू!"

मी पिठाच्या हातानं तशीच बाहेर गेले. विल्बर्ट शेडमध्ये बर्फ काढायचं यंत्र पुसत होता.

"तू प्लॅन बदललास?"

"फोन आला होता एका बाईचा."

"मग नाही म्हणायचं होतंस!"

"म्हटलं की. दोनदा."

"आणि?"

"तिनं तिसऱ्यांदा विचारलं."

मी कपाळावर हात मारला, पीठ कपाळाला लागलं. बाहेरच्यांना हे कळायचं नाही. आमच्या फिनलंडहून आलेल्या लोकांत रीत अशी, की कुणी कॉफी विचारली तर पहिल्यांदा "नको" म्हणायचं. दुसऱ्यांदा "उगीच त्रास." तिसऱ्यांदा "बरं, अर्धा कप." पहिल्याच हाकेला हो म्हणणारा हावरट, आणि तिसऱ्यांदाही नको म्हणणारा शिष्ट. पण हे कॉफीचं आहे! वेलदोड्याच्या पावाचं आहे! हृदयाच्या झडपेचं नाही! आमच्या गावच्या गेलला दुसऱ्यांदा विचारायची चोरी, आणि कुठली कोण बाई दूर बसून तीनदा विचारते आणि माझा नवरा घेऊन जाते. मी शेडमध्ये उभी राहून ओरडले, आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

"बोलव गेलला. आत्ता. तुझ्या तोंडानं."

त्यानं बोलवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेल आली, बूट दारात काढले, आणि आधी त्याच्याकडून परवानगीची सही घेतली. मग म्हणाली, "जुनी पुरवणी बंद केली नाहीस ना?"

"नाही."

"नशीब. नाही तर बसला असतास नव्यानं अर्ज करत. प्लॅन बदलायची मुदत दोन दिवसांत संपतेय. आत्ता फोन कर आणि नवा रद्द कर. मी जवळ बसते, पण बोलायचं तू. तुझ्या वतीनं मला बोलता येत नाही."

"मला येतं?" मी विचारलं.

"तुलाही नाही, अर्डिस."

फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. बऱ्याच वाजंत्रीनंतर एक बाई आली. गोड होती अगदी. विल्बर्टनं नाव, जन्मतारीख सांगितली आणि म्हणाला, "तो नवा प्लॅन. नको."

"अरेरे! पण सर, दातांचा फायदा तुम्ही बघितलात का? राहू द्या ना."

"नको."

"आणि चष्मा? दर वर्षी नवा. ठेवूया ना?"

"नको. उगीच त्रास."

मी टेबलाची कड धरली. गेल कपातल्या कॉफीकडे बघत होती.

"सर, मी अगदी मनापासून सांगते," बाई म्हणाली, "तुम्हाला नंतर वाईट वाटेल. ठेवू ना आपण?"

मी डोळे वटारले, हातवारे केले, ओठांनी "नको, नको" म्हटलं. तो माझ्याकडे बघेचना. शेवटी त्यानं फोनवर पंजा ठेवला, बर्फाच्या ट्रकचं चाक फिरवलेला तो एवढा मोठा पंजा, आणि हळू आवाजात म्हणाला, "अर्डिस, ब्रेमर त्यांच्या यादीत नाही, हे त्या पहिल्या बाईनं मला सांगितलं होतं."

"मग?"

"म्हणून तर हो म्हटलं."

मला काही क्षण कळेचना. मग कळलं. ब्रेमर नाही, तर जानेवारी नाही. नवा डॉक्टर शोधायचा, नव्या तपासण्या, वसंत येईल, उन्हाळा येईल. आणि मी मूर्ख, रीतीला शिव्या देत शेडमध्ये नाचत होते. इतका राग आला की वाटलं हा फोन त्याच्या टाळक्यात घालावा. आणि त्याच वेळी त्याचा तो पंजा फोनवर तसाच दाबून धरलेला दिसला आणि मला रडू कोसळलं.

"मी एकटी राहू का मग इथे?" मी म्हणाले. "तेवढं सांग. तू घाबरलायस, आणि मी काय मजेत आहे? रात्री तुझा श्वास ऐकत पडलेली असते मी, मूर्खा. एकदाच विचारते. दुसऱ्यांदा विचारणार नाही."

गेल उठली आणि उगाचच सिंकपाशी जाऊन कप विसळू लागली.

"हॅलो? सर?" पंजाखालून बाई विचारत होती. "आहात ना लाइनवर?"

विल्बर्टनं हात काढला.

"नको, बाई," तो म्हणाला. "रद्दच करा. जानेवारीत माझं हृदयाचं ऑपरेशन आहे. मला भीती वाटते त्याची, म्हणून माझाच डॉक्टर हवा."

पलीकडच्या बाईचा गोडवा एकदम गळून पडला. मग तिनं साध्या आवाजात "ठीक आहे, सर, करते" म्हटलं आणि केलंही. इतक्या महिन्यांत भीती वाटते हे त्यानं मला सांगितलं नाही, भावाला नाही, देवाला तरी सांगितलं की नाही कोण जाणे. सांगितलं, ते विमा कंपनीला.