शेजारच्या आजोबांची बंदूक

नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावात आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे आजोबा निवृत्त शिक्षक होते. वय चौऱ्याऐंशी, एकटे, हात थरथरणारे. मागच्या ऑक्टोबरात ते वृद्धाश्रमात राहायला जाणार होते, म्हणून घर आवरत होते. एका शनिवारी सकाळी ते दारात उभे. काखेत खाकी कागदात गुंडाळलेलं लांबलचक काहीतरी.

"तू त्या चिपच्या मशिनवाल्या कंपनीत आहेस ना? जिथे धुळीचा कणही चालत नाही? मग हे तूच साफ करू शकशील."

"मी सॉफ्टवेअर लिहिते," मी म्हटलं. "त्या स्वच्छ खोल्यांमध्ये मी आजवर पाऊलही टाकलेलं नाही."

त्यांना तो माझा विनय वाटला. त्यांनी पार्सल जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि कागद उलगडला. आत बंदूक होती.

लष्कराने मोडीत काढलेली, नळी बुजवून निकामी केलेली. तसा कागदही सोबत होता. तळपाय सपाट म्हणून तरुणपणी त्यांना सैन्यात घेतलं नव्हतं. निदान बंदूक तरी असावी म्हणून त्यांनी ही विकत घेतली आणि मग साठ वर्षं उघडलीच नाही. गंजू नये म्हणून लष्कराने फासलेलं ग्रीस वाळून डिंकासारखं झालं होतं. आता ती त्यांना नव्या खोलीत टांगायची होती. तिथल्या व्यवस्थापक बाईंची बंदुकीला हरकत नव्हती. भिंतीला डाग पडता कामा नयेत, एवढीच अट होती.

पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेली माझी आई पोह्यांवरचा गॅस बंद करून बाहेर आली. तिने नखाने ग्रीस खरवडलं, वास घेतला.

"तेलाच्या बरणीला बसतो तसला चिकटा आहे हा. इकडे आण."

पुढचे तीन दिवस आमचं घर तिच्या ताब्यात होतं. सुटणारे लोखंडी भाग कढत पाण्यात सोडा घालून धुतले, लगेच कोरडे केले, वर तेलाचं बोट फिरवलं. लाकूड भिजवायचं नव्हतं; त्यातलं ग्रीस उष्णतेने बाहेर काढायचं होतं. ऊन तर नावालाही नव्हतं. आईने माझा हेअर ड्रायर घेतला. लाकूड तापलं की ग्रीस घामासारखं वर यायचं आणि ती जुन्या पंच्याने टिपायची. शेवटी लावायला आजोबांनी जवसाचं तेल आणून दिलं.

"याची आम्ही चटणी करतो," आईने मला त्यांना सांगायला लावलं. त्यांनी ते गंभीरपणे वहीत लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात आमच्या भागातला पोलीस, सायकल कुंपणाला टेकवलेली. इथल्या रिवाजाप्रमाणे आमच्याही खिडकीचे पडदे उघडेच असतात.

"फोन आला होता," तो जरा संकोचून म्हणाला. "एक वयस्कर बाई बंदुकीला ड्रायर लावतायत म्हणून."

टेबलाशी बसलेल्या आजोबांनी कागद दाखवला. पोलिसाने तो दोनदा वाचला, टॉर्चने नळी तपासली आणि मग बंदुकीकडे बघतच राहिला.

"लाकडाला पॉलिश पेपर लावू नका. लष्कराचे शिक्के पुसले जातात."

"काय म्हणतोय?" आईने विचारलं. मी सांगितलं.

"मला कळत नाही का तेवढं? रिकामाच उभा आहे तर त्याला म्हणावं, तिकडून धर."

त्याने दस्ता धरला. अर्ध्या तासाने पोहे खाऊन तो गेला.

संध्याकाळी बंदूक तयार झाली. पोलाद काळंभोर, लाकूड चिंचोक्यासारखं. आई दोन पावलं मागे सरून बघत होती. आजोबांनी ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली.

"आता ही खरीच वाटते," ते शेवटी म्हणाले. "हिने कुणीतरी मेलं असेल असं वाटतं. ग्रीसमध्ये होती तेव्हा हे माझ्या मनातच आलं नव्हतं." मग खालच्या आवाजात, "ते ग्रीस परत लावता येईल का?"

हे आईला कसं सांगावं मला कळेना. सांगितलं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या हातातल्या बंदुकीकडे.

"सायकलच्या दुकानात ग्रीस मिळतं ना? मोठा डबा आण," ती म्हणाली.

दोघांनी मिळून ते फासलं. तिने वरून, त्यांनी खालून, पुरणपोळीला तूप लावावं इतकं सढळ. मग नवा खाकी कागद गुंडाळून सुतळी बांधली.

वृद्धाश्रमात सामान लावायला मी गेले होते. व्यवस्थापक बाईंनी यादीतली 'भिंतीवरील शोभेची वस्तू' खोडून 'पार्सल, एक' असं लिहिलं. पार्सल कपाटावर ठेवायला त्यांनी स्वतः हात लावला आणि बोटं पुसत विचारलं, "हे चिकट का लागतंय?"

"आत्ताच साफ केलंय," आजोबा म्हणाले.