पुलावर अडकणारी कॅसेट

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. ताई दुसरबीडहून मोताळ्याला आली की पिशवी ओट्यावरच टाकून टीव्हीपुढे बसायची. तिचं लग्न झालं त्या वर्षी मी मलकापूरहून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. त्यात दोघांनी मिळून खेळायची एक कॅसेट होती. दोन भाऊ जंगल तुडवत किल्ल्याकडे निघतात. शेवटच्या पुलावर पाय पडला की चित्र थिजायचं. दर वेळी, तिथंच.

दोष आमचाच, यात दोघांनाही शंका नव्हती. लाईट कमीजास्त, ऊन मरणाचं, आणि माझी फुंकर. कॅसेट काढून तिच्या तोंडात फुंकर मारायची, हा तेव्हाचा रामबाण इलाज.

"काऊन रे, फुकतं का थुकतं?" ताई म्हणायची. "गरम झाली ते. आराम करू दे तिले."

मग घरच्या कापसात गुंडाळून कॅसेट माठाशेजारी निजवायची. ती थंड होईस्तोवर ताई बोलत बसायची. सासरचं, मनातलं, आईलाही न सांगितलेलं. मग खेळ पुन्हा पहिल्यापासून. दाजी न्यायला आले की उठता उठता म्हणायची, "राहू दे, पुढच्या आखाजीले करू पार."

एका पावसाळ्यात काविळीनं ताई गेली. लेकरू तेव्हा रांगत होतं.

तोच भाचा आता कॉम्प्युटरवाला झालाय. परवा तो जुना खेळ त्यानं आमच्या टीव्हीवर लावला.

"मामा, तुमची काही चूक नोती," तो म्हणाला. "कंपनीनंच घाईघाईत अर्धवट गेम बाजारात आणला. हरेक कॅसेट तिथंच अटकत होती. आता नेटवरून दुरुस्ती येते, तवा कॅसेट विकली का विकली. माल वापस घेता घेता कंपनी बुडाली."

"बरं झालं बुडाली," मी म्हटलं. खरं तर ताईसोबतच्या त्या दुपारी परत मिळणार असत्या तर मी आणखी दहा कॅसेटा तशाच घेतल्या असत्या.

हा खेळ दुरुस्त केलेला होता. पूल आला. भाच्याचा गडी सरसर पलीकडे गेला. माझा अलीकडेच उभा.

"मामा, काऊन थांबले? या ना."

माझं बोट काही हलेना. ताईसोबत मी तिथवरच गेलो होतो.