बेसमेंटमधल्या निवट्या

माझे सासरे, दादा, दर रविवारी नावड्याहून आमच्या कोपरखैरण्यात खास फिरायला येतात. जन्म इथल्याच बोनकोडे गावातला, त्यामुळे त्यांची आवडती ठिकाणं बरीच; फक्त त्यातलं एकही आता शिल्लक नाही. जिमसमोर उभे राहून ते मिठागर बघतात. एटीएमला 'आमचा परसाकडचा बांध' म्हणतात आणि तिथली रांग बघून खूश होतात.

सगळ्यात लाडकी जागा म्हणजे आमच्या सोसायटीचं बेसमेंट. "इथं चिखलात निवट्या लय मिलायच्या," असं सांगताना त्या माशांच्या आठवणीनं अजून ओठ चाटतात.

गेल्या रविवारी आल्या आल्या म्हणाले, "आज आवस हाय. बाराला भरतीचं पानी येल. गाडी वर काढ."

"दादा, टेन्शन नका घेऊ. पंप बसवलाय," मी अक्कल पाजळली.

बाराला खाडी गटारातून उलटी वर आली. आधी पंप बुडाला, मग माझी नवी गाडी. दादा पँट दुमडून पाण्यात उतरले. मला वाटलं, गाडी ढकलतायत. बऱ्याच वेळानं ते वर आले, तेव्हा हातातल्या पिशवीत दोन निवट्या उड्या मारत होत्या.

"बघ," ते म्हणाले, "जागा अजून तशीच हाय."

आणि खुशीत नावड्याला गेले.