सौंदडच्या पुढचं स्टेशन

हल्ली कुणाकडे हळदीकुंकवाला गेलं की एखादी तरी बाई मला कोपऱ्यात गाठतेच. मी काशी पाहिली, पुरीचा समुद्र पाहिला, जबलपूरला नर्मदेत होडीत बसले, आणि बहुतेक वेळा एकटीच गेले, याचा आमच्या अर्जुनीत अजून गवगवा आहे. "बाई, भेव नाई वाटत?" असं ती हळूच विचारते. तिला 'नाही' ऐकायचं असतं हे मला कळतं. खरं सांगितलं की ती खट्टू होते. वाटतं बाई, दर वेळी वाटतं. शिट्टी झाली की कनवटीला खोचलेलं तिकीट मी दहादा चाचपून बघते. भीती गेली की मग निघू, असं म्हणत बसाल तर चुलीपुढेच म्हाताऱ्या व्हाल.

सल्ला मागतात म्हणून देते. स्वतःला उचलेल तेवढंच गाठोडं घ्या. रिकाम्या डब्यात शिरू नका, चार बायका दिसतील तिथं घुसा, मग त्या कितीही कुरकुरोत. कुणी पुरुष फार गोड बोलायला लागला तर आपण फार मोठ्यानं बोला. आणि जिथं जायचं त्या गावाचं नाव तिकिटाच्या खिडकीपाशी खणखणीत घ्या. या शेवटच्या सल्ल्यावर बायका खो खो हसतात. त्यात काय सांगायचं, म्हणतात. मला मात्र हसू येत नाही. ते नाव घेतलं नाही म्हणून माझी लेक माझ्या हातून गेली होती.

अर्जुनी हे माझं सासर. या नावाची शेवटची वेलांटी पुसली की माझ्या नवऱ्याचं नाव उरतं. आता यावर हसायचं तर हसा. लग्नात उखाण्यात नाव घेतलेलं चालतं, तिथं ते महादेवाच्या पिंडीत आणि बेलाच्या पानात लपून जातं. एरवी कोरडं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य तुटतं, हे आईनं मला हळद लागायच्या आधी बजावलं होतं. त्यामुळे मी सासरी असले की 'आपलं गाव' म्हणायची, माहेरी असले की 'तिकडे', आणि अगदीच अडलं तर शेजारच्या मोरगावावर भागवायची. घरात यानं कुणाचंच अडत नव्हतं.

माझं माहेर दवनीवाड्याचं. त्या साली मी लेकीला घेऊन तिथं राहायला गेले होते. लेक सव्वा वर्षाची, नुकती पाऊल टाकायला लागलेली. सासरी धान रोवण्याचे दिवस आले, चिखलात हात कमी पडत होते, सासूबाईंचा निरोप आला, पाठवून द्या. भाऊ पोचवायला निघणार तर त्याला हिवतापानं धरलं. आई म्हणाली, "येकली कशी जाशीन? ऱ्हाय आठ रोज." पण सासूबाईंचा निरोप म्हणजे निरोप. त्यांना मी गाडीपेक्षा जास्त भ्यायची. शेजाऱ्यांच्या बैलगाडीतून गोंदियाला उतरले आणि जन्मात पहिल्यांदा एकटी स्टेशनात शिरले.

खिडकीपुढे ही झुंबड. कडेवर लेक, काखेत गाठोडं, मागून धक्के. बाबू आधीच कावलेला.

"कहाँ का टिकट?"

"मोरगाव."

"मोरगाव नाम का कोई टेशन नहीं है इस लाइन पर."

त्याचं खरं होतं. मोरगाव आहे, पण स्टेशन अर्जुनीच्या नावाचं. मागून एक जण ओरडला, "बोल ना व बाई, कायले खोळंबा करून राहिली?" मी घाईघाईनं म्हटलं, "सौंदडच्या पुढचं!" माझ्या लेखी सौंदडच्या पुढे एकच गाव होतं. बाबूच्या लेखी सौंदडच्या पुढे सौंदडच्या पुढचं स्टेशन होतं. त्यानं त्याचं तिकीट माझ्यापुढे टाकलं, आणि वाचायला तर मी फार नंतर शिकले.

छोट्या लाईनची गाडी. जनाना डब्यात मोजक्या बायका होत्या. माझ्या समोर एक गोंडीण बाकावर न बसता खालीच बसलेली, कोपरापर्यंत हात गोंदलेले, जवळ पाण्याचा तुंबा. तिला मराठी फारसं येत नव्हतं, मला गोंडी येत नव्हती. लेकीला तो दुधीचा तुंबा आवडला. त्याच्याशी खेळता खेळता ती त्या बाईच्या मांडीवर गेली आणि तिथंच झोपली. मला जरा बरंच वाटलं, हात मोकळे झाले. सौंदड गेलं तसा माझा जीव भांड्यात पडला. आता पुढे आपलंच गाव, म्हटलं.

गाडी थांबली. बाहेर बघते तर सगळं अनोळखी. एक खोली, एक कंदिलाचा खांब, मागे जंगल. तिकीट बघणारा दाराशी आला, माझं तिकीट हातात घेतलं आणि म्हणाला, "उतरो बाई, तुम्हारा टेशन आ गया."

"हे नाही माझं."

"तो कौन सा है?"

मी पुढच्या बाजूला नुसतं बोट दाखवलं.

"टिकट यहीं का है. आगे जाना है तो उतरके बाबू से बनवा लो. जल्दी!"

मी त्या गोंडीणबाईला हातानं खुणावलं, आत्ता येते. लेक गाढ झोपलेली, तिला कशाला उठवायचं? तेवढाच विचार केला. खाली उतरून खोलीच्या दाराशी पोचते न पोचते तोच शिट्टी झाली.

मी धावले. डबा माझ्याच पुढून सरकत होता, दारात ती बाई लेकीला छातीशी धरून उभी, मला ओरडून काहीतरी सांगत होती आणि मला त्यातला एक शब्द कळत नव्हता. मी दांडीला हात घातला, तो निसटला, गिट्टीवर आपटले. उठून पुन्हा पळाले. मग नुसतं सागाचं रान आणि धूर.

त्यानंतर काय वाटलं ते सांगायला माझ्याजवळ आजही नीट शब्द नाहीत. रेल्वेच्या पुलाखाली पोरं पुरतात, असं आमच्याकडे तेव्हा बोलत, त्यासाठी पोरं पळवणाऱ्या बाया फिरतात म्हणत. ती बाई कुठली? तिचं नाव काय? कुठं उतरणार? वडसा, नागभीड, चांदा, ही लाईन कुठवर जाते तेही मला ठाऊक नव्हतं. मी किंचाळत होते, आणि ऐकायला स्टेशनबाबू आणि झाडं.

बाबू दक्षिणेकडचा किरिस्ताव होता, गळ्यात क्रूस. त्यानं मला खोलीत नेलं, तारेच्या यंत्रापाशी बसला आणि म्हणाला, "रोना बाद में. बच्ची को कहाँ उतारना है? कौन सा टेशन?"

माझ्या तोंडून काय निघावं? "पांडवांतला तिसरा!"

"कौन?"

"पांडव! पांडव! त्यातला तिसरा!"

त्या बिचाऱ्याला पांडव किती आणि त्यात तिसरा कोण याचा पत्ता नव्हता. घड्याळ टकटक करत होतं, गाडी पुढे चालली होती. मग मला सुचलं की उखाण्यात घेतलेलं चालतं. मी डोळे मिटले आणि माझा लग्नातला उखाणा म्हणायला लागले. महादेवाच्या पिंडीवर बेल वाहते वाकून... पुढचं आठवेना. लग्नात सगळ्या बायांनी वाहवा केलेला उखाणा, आणि पुढची ओळ डोक्यातून पार गेली. मी पुन्हा पहिल्यापासून म्हटला. पुन्हा तिथंच अडले. बाबूला वाटलं असेल की बाईचं डोकं फिरलं. त्यानं टेबलावर हात आपटला. "नाम बोलो! बाप का नाम! गाड़ी निकल जाएगी!"

एकीकडे नवरा, एकीकडे लेक. मी बोलले. गावाचं नाव बोलले, मग नवऱ्याचं बोलले, कोरडं, मोठ्यानं, परक्या पुरुषासमोर. यंत्र कडकट्ट कडकट्ट वाजायला लागलं. ते नाव तारेवरून चाललं होतं आणि मला दिसत होतं की तिकडे धानाच्या बांधीत आमचे हे आत्ता चिखलात कोसळले.

बऱ्याच वेळानं यंत्र उलट वाजलं. बाबू ऐकत राहिला आणि म्हणाला, "बच्ची उतर गई. लेकिन एक औरत उसको देती नहीं. पकड़के बैठी है."

संध्याकाळच्या गाडीपर्यंत मी त्या खोलीत बसून होते. बाबूनं पाणी दिलं, ते तसंच राहिलं. लेक त्या बाईच्या हाती, नवरा माझ्या जिभेच्या पापात, आणि दोन्हीकडे मी काही करू शकत नव्हते. दिवसभर मी देवाला एकच म्हणत होते, दोघांतलं एक तरी ठेव. मग वाटायचं, असं कुठं मागतात? आणि पुन्हा पहिल्यापासून रडायची.

अर्जुनीला उतरले तेव्हा फलाटावर सासूबाई उभ्या होत्या, खांद्यावर लेक. शेजारी ती गोंडीण, जमिनीवर तुंबा ठेवून बसलेली. तिनं स्टेशनमास्तरला पोर दिलंच नव्हतं. टोपीवाल्या पुरुषाला कशाला द्यायचं? स्वतःची गाडी सोडून ती बसून राहिली होती, सासूबाई आल्यावर लेकीनं आजीकडे दोन्ही हात केले, तेव्हा कुठं तिनं सोडलं, तरी मी येईपर्यंत जागची हलली नाही. मला बघून ती उठली, माझ्या गालावरून ते गोंदलेले हात फिरवले, काहीतरी म्हणाली, माझं गाठोडं माझ्यापुढे ठेवलं आणि मी आले त्याच गाडीत चढून गेली. मी तिच्या पायाही पडले नाही. सुचलंच नाही.

स्टेशनमास्तर दारातून सासूबाईंना म्हणाले, "बहू ने खुद नाम बताया, इसलिए बच्ची मिली." चार माणसांनी ते ऐकलं. सासूबाईंनी मान हलवली आणि चालायला लागल्या. मी मागे. त्या विधवा, कडक, शब्दाला जपणाऱ्या. वाटभर झपझप पुढेच चालत होत्या. मला लेक मागायचाही धीर होईना. घरी गेल्यावर काय होईल याचे सगळे प्रकार माझ्या डोळ्यांपुढून गेले, माहेरी धाडतील, गावात सांगतील. आणि घरी ते नसलेच तर?

तलावाच्या पाळीवर आल्यावर त्या थांबल्या. खाली आमच्या धानाच्या बांध्या. उजेड उतरत आला होता आणि त्या चिखलात माझा नवरा बैलांमागं चालत होता, गुडघ्यापर्यंत माखलेला, बैलांना शिव्या घालत, धडधाकट. मी पाळीवरच बसले आणि हमसून हमसून रडले. "आत्याबाई, मी त्यांचं नाव घेतलं हो," म्हटलं.

"आयकलं म्या. काऊन रडतेस? थो पाह्य, चालून राहिला नं नांगरामागं?"

मग त्याही माझ्याजवळ बसल्या. लेक माझ्या मांडीवर ठेवली.

"माया मालकाचं नाव म्या जनमभर तोंडातून काढलं नाई पोरी. सोमवाराले बी महादेवाचा वार म्हनतो मी. असं जपलं, असं जपलं, तरी भर जवानीत गेला थो. कोनासाठी जपलं, काय सांगू तुले?"

खाली बैल वळले. सासूबाईंनी पाण्याकडे तोंड केलं. आणि मग त्यांनी, मला नव्हे, कुणालाच नव्हे, एकदाच हाक मारावी तसं नाव घेतलं, "सोमा."