संत्र्याच्या पेटीतल्या चिठ्ठ्या

श्री. दौलतराव रामटेके सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते सौंसरच्या शाळेत, नववीच्या वर्गात. हजेरी न घेताच त्यांनी विचारलं, "आज सकाळपासून कोणाच्या कानावर लाईन हा शब्द पडला?" मग एक जण म्हणाला, "सर, आमच्या घरची लाईन गेली." दुसरा म्हणाला, "माय घासलेटच्या लाईनीत उभी हाये." मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हा दिन्या लाईन मारून राहिला." वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. त्यांनी तिन्ही वाक्यं तीन चिठ्ठ्यांवर सारख्याच गंभीरपणे लिहून घेतली आणि मागच्या बाकावरच्या मुलाचे आभार मानले. तो मुलगा मी.

सरांचे वडील पांढुर्ण्याला रेल्वेत गँगमन होते. "बाबा लाईनीवर गेले" हे वाक्य ऐकतच सर मोठे झाले. हा शब्द इंग्रजी आहे हे शाळेत कळलं, तेव्हापासून तो आला कुठून याचा त्यांनी पिच्छा पुरवला. रुळांची लाईन, विजेची लाईन, गवंड्याची दोरी, कवितेची ओळ, पोलिसांच्या घरांची लाईन, घराण्याचा वंश, तळहातावरची रेघ, प्रत्येकाची वेगळी चिठ्ठी, जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर. जाडजूड कोश पाहायला ते छिंदवाड्याची बस धरत. शब्दांत वरचा-खालचा कोणी नसतो, असं ते म्हणत, आणि माणसांशीही तसेच वागत.

एकदा ते वर्गात जवसाची काडी घेऊन आले. "चटणी खाता ना जवसाची? त्याच झाडाच्या सालीचा हा धागा. लॅटिन बोलणाऱ्यांनी धाग्याले झाडाचंच नाव देलं, लिनम. मंग त्या धाग्यानं मापलं, आखलं, त्याचीच ही लाईन झाली. कोटाच्या अस्तराले लायनिंग म्हणते, तेही याच घरातलं." आणि स्वतःचा कोट उलटा करून फाटकं अस्तर आम्हाला दाखवलं. इंग्रजीचं नाव काढलं की घाम फुटणारी आम्ही पोरं त्या दिवशी जवसाच्या शेतात उगाच रेंगाळलो.

मॅट्रिकला मी इंग्रजीत आपटलो, तेव्हा सर उन्हाळाभर सायकलने आमच्या मळ्यात येत राहिले. बाबांनी पुढे केलेलं ताक तेवढं घेत, बाकी कशाला हात लावत नसत. आज त्याच शाळेत मी इंग्रजी शिकवतो.

इथपर्यंतचं सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथात शोभेल. पुढचं लिहायला हात धजत नाही, पण लिहिल्याशिवाय सुटका नाही.

सन ऐंशीनंतर सरांची निवृत्ती जवळ आली आणि त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. नजर फार दिवस टिकायची नाही, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. सरांनी सगळ्या चिठ्ठ्या माझ्या हवाली केल्या. म्हणाले, "याची एक नीट वही करून दे, बाबू. दिसून राहिलं तोवर एकदा सलग वाचून घेतो." पुस्तक निघावं अशीही त्यांची अपेक्षा नव्हती. आयुष्यभर जमवलेलं एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं, एवढंच मागणं होतं.

चिठ्ठ्या मी ठेवल्या त्या आमच्या भागात घरोघरी असते त्या संत्र्याच्या लाकडी पेटीत. आज लिहू, उद्या लिहू करत दिवाळी गेली. मग आंबिया बहाराच्या संत्र्यांचा तोडा, म्हणजे तोडणी, सुरू झाला. तोड्याच्या दिवसांत पेटीत कागद दिसला की तो फळांच्या थरांमध्ये घालायचाच असतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला ठाऊक नव्हतं असं कुठल्या तोंडाने म्हणू? शाळेतून आलो तेव्हा चिठ्ठ्या आणि भाताचं तणस घालून पेट्या ठोकून झाल्या होत्या आणि ट्रक पांढुर्णा स्टेशनकडे गेला होता. बाबा म्हणाले, "रद्दी समजलो न बे आमी. तू बोलला काहून नाही?" मिळेल ती बस धरून मी स्टेशन गाठलं. संत्र्यांचा मालडबा इटारसीकडे निघून गेला होता, सरांच्या वडिलांनी ज्या रुळांवर हयात घातली त्याच रुळांवरून.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "संत्री तरी खराब नसतील झाली." रागाचा एक शब्द नाही. त्या दिवशी त्यांनी मला दाराबाहेर काढलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हापासून रोज सकाळी शाळेआधी मी त्यांच्याकडे जातो. ते आठवून सांगतात, मी चिठ्ठीवर लिहून दुसऱ्या एका पेटीत टाकतो. आता त्यांना खिडकीतला उजेडही कळत नाही. सुरुवातीला बरंच आठवत होतं. हल्ली जवस, अस्तर, गवंड्याची दोरी आणि बाबा लाईनीवर गेले, एवढंच फिरून फिरून येतं. "हे झालं, सर" असं मी म्हणत नाही. दरवेळी नव्या चिठ्ठीवर लिहून घेतो. परवा त्यांनी विचारलं, "भरली काय रे पेटी?" मी म्हटलं, "भरत आली, सर." ते खूश झाले. पेटी खरंच भरत आली आहे, पण तिच्यात त्याच चार गोष्टी आहेत.

सत्काराच्या सभेत हा लेख मलाच वाचायचा आहे आणि सर समोर बसलेले असतील. वरचं काहीही मी गाळणार नाही. गेलेलं परत मिळेल अशी आशा मला उरलेली नाही. तरी साठीच्या दिवशी मागायचं ते मनापासून मागतो. सर, तुमची प्रकृती ठणठणीत राहो, तुम्ही शंभर वर्षं जगा, आणि आता तरी, एकदा, माझ्यावर रागवा.